नवसाच्या कोंबड्याचे पाय

सासूबाईंनी पिल्लू उचललं, तळहातावर उताणं धरलं आणि अंगठ्याने त्याची मान चाचपली. शेंग कोवळी आहे की जून ते बघतात तसं. म्हणाल्या, "हे नाय जगायचं. खुरपं आण."

खुरपं खड्ड्यासाठी. पेठ तालुक्यातल्या त्यांच्या गावात अधू पिल्लाचं हेच करतात. मान पिरगळायची, मातीआड करायचं आणि बाकीच्यांना दाणे टाकायला वळायचं. त्यात राग नसतो आणि दयाही नसते. मी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. तरी त्या दिवशी मी खुरपं आणलं नाही. पिल्लाची कीव वगैरे काही आली नव्हती. नऊ अंड्यांतून दोनच पिल्लं निघाली होती आणि आम्हाला एक कोंबडा हवा होता. दुसरं पिल्लू उद्या कोंबडी निघालं तर काय करायचं, एवढंच मी विचारलं. सासूबाईंनी जरा विचार केला आणि पिल्लू परत खोक्यात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं.

कोंबडा नवसाचा होता. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला तापात झटके आले. तीन दिवस ती दवाखान्यात होती. मी तिच्या सलाईनकडे बघत बसले होते आणि सासूबाई गावी देवासमोर बसल्या होत्या. पोरगी वाचली तर आमच्या कोंबडीखाली निघालेला, घरी वाढवलेला, अंगाने धड कोंबडा देईन, असं त्या देवाला बोलून आल्या. मुलगी वाचली. औषधाने वाचली, असं मी म्हणते. औषध देवानेच दिलं, असं त्या म्हणतात. वीस वर्षांत यावर आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण समोरची ऐकणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

नवस मात्र राहून गेला. एका वर्षी माझी बदली झाली, एका वर्षी सासरे गेले, मग गावचं घर बंद झालं आणि सासूबाई आमच्याकडे शहरात, पेठ रोडच्या कॉलनीत राहायला आल्या. विकतचा कोंबडा चालणार नव्हता, कारण देवाशी बोलणं तसं झालंच नव्हतं. गेल्या वर्षापासून त्यांना चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. देव गावाच्या वर, टेकडीवर आहे. यंदा चढले तर चढले, पुढच्या साली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. मरायची त्यांना भीती नव्हती. नवस मागे ठेवून मरायची होती.

म्हणून फाल्गुनात त्यांनी गावातल्या भाच्याकडून खुडूक बसलेली एक कोंबडी आणि भाताच्या कोंड्यात पुरलेली नऊ अंडी एसटीने आणवली. कोंबडी मागच्या मोरीजवळ पाटीत गोणपाटावर बसणार होती. मला हे सगळं नको होतं. पण एक कोंबडा, एक नवस, आणि मग घर पुन्हा स्वच्छ, असा हिशेब करून मी गप्प बसले.

आणि नवसाचं वाटोळं मीच केलं. अंड्यांना विष्ठा आणि माती चिकटलेली होती. सासूबाई दुपारच्या झोपलेल्या असताना मी नऊच्या नऊ अंडी जंतुनाशकाच्या कोमट पाण्यात धुतली, कोरड्या फडक्याने पुसली आणि मग कोंबडीखाली सरकवली. हाताखालची कुठलीही वस्तू मी अशीच ठेवते. कवचावर डोळ्यांना न दिसणारी एक साय असते आणि ती गेली की अंडं आतून नासतं, हे मला बाविसाव्या दिवशी कळलं. त्या दिवसापर्यंत दोन पिल्लं निघाली होती आणि कोंबडी पाटीतून उठून गेली होती. सासूबाईंनी उरलेल्या सातांतलं एक अंडं मोरीत फोडलं. तो वास दोन दिवस घरात होता.

त्यांनी विचारलं, अंडी धुतली होतीस का. मी हो म्हटलं. घाण होती, असंही म्हटलं.

"अंगावरचं पांघरूण काढून घेतलंस त्यांचं, सिस्टर," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला बाय म्हणतात. सिस्टर म्हणाल्या की समजायचं.

दुसरी चूकही स्वच्छतेचीच. गोणपाटात उवा झाल्या होत्या, म्हणून मी दोन्ही पिल्लं अंगावरून ओली असतानाच उचलून एका नव्या खोक्यात ठेवली. खोक्याच्या तळाला फ्लेक्सचा तुकडा अंथरला. आमच्या चौकात बारा महिने कुणा ना कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असतो. उतरवलेला असा एक फ्लेक्स मी पावसाळ्यासाठी आणून ठेवला होता. पुसायला सोपा, पाणी मुरत नाही, वास धरत नाही. मी ड्यूटीवर निघून गेले. थोरलं पिल्लू कोपऱ्यातल्या फडक्यावर चढून बसलं. धाकटं दिवसभर त्या गुळगुळीत चेहऱ्यावर उभं राहायला बघत होतं आणि घसरत होतं. संध्याकाळी आले तेव्हा ते पुढाऱ्याच्या हनुवटीवर पोट टेकून पडलेलं होतं. दोन पाय दोन बाजूंना, भिंतीवरच्या पालीसारखे. उचललं तरी पाय खाली येत नव्हते.

तर हे असं. खुरपं आणलं नाही, आणि मग त्याचं काय करायचं हे माझ्या गळ्यात आलं.

फ्लेक्स काढून खडबडीत तरट अंथरलं. दवाखान्यात लागते ती कागदी चिकटपट्टी उभी चिरली, दोन्ही पायांना एकेक कडं केलं आणि मध्ये बोटभर अंतर ठेवून जोडलं. बेडीच ती. पाय एकत्र ओढताना पिल्लू जे ओरडलं ते त्याच्या आकाराला शोभणारं नव्हतं. ते उभं राहायचं आणि तोंडावर पडायचं. मी उभं करायचे, पुन्हा पडायचं. शेवटी एका अरुंद डब्यात दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे खोचले आणि त्याला मध्ये उभं अडकवलं. पडायला जागाच ठेवली नाही. दिवसातून चार वेळा बाहेर काढून पाय कोमट पाण्यात धरायचे, सांधे मागेपुढे करायचे, पुन्हा डब्यात. ते ओरडायचं आणि मी मोजायचे. वीस वेळा एक पाय, वीस वेळा दुसरा.

सासूबाईंना हे बघवेना. ज्या बाईने मान पिरगळायला खुरपं मागितलं होतं तीच आता दारात उभी राहून म्हणायची, मारून टाक नाहीतर मरू दे, हे काय चालवलंयस. मला वाटतं त्यांना खरंच माझी किळस आली होती. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकायची. एकदा वरूनच म्हणाली, "सिस्टर, आता पेशंट घरीपण आणायला लागलात का? आवाजावरून वाटतंय, इंजेक्शन देताय." मी तिला म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात ना, या खाली.

आईखाली ठेवून बघितलं. कोंबडीने मान वाकडी करून त्याच्या पायांकडे पाहिलं आणि टाळूवर अशी चोच मारली की रक्त आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा मारली. भावंडाचंही तेच. त्याला याच्या पायांची गुलाबी बोटं अळ्यांसारखी दिसत असावीत. ते टोचायचं, ओढायचं, आणि बेडीतल्याला पळता येत नव्हतं. मी दोन मिनिटं बघितलं आणि अधू पिल्लू स्वयंपाकघरात ओट्याखाली आणून ठेवलं. धडधाकट पिल्लू आईबरोबर मागच्या अंगणात फिरायला लागलं.

नवव्या दिवशी मांजराने ते धडधाकट पिल्लू नेलं. सासूबाई अंगणातच होत्या, उठेपर्यंत मांजर कंपाउंडच्या भिंतीवर होतं. एक पंख तेवढा सापडला. त्या पंखाकडे बघत राहिल्या नाहीत, केरसुणीने लोटून टाकला. मग आत येऊन ओट्यासमोर खाली बसल्या आणि पहिल्यांदा त्या डब्यात वाकून नीट पाहिलं.

"आता हेच हाय," म्हणाल्या.

दुसरी अंडी मिळण्यासारखी नव्हती. भाच्याकडच्या कोंबड्या त्याच महिन्यात मानमोडीच्या साथीत गेल्या, गावात एक पंख हलत नव्हता. त्या दिवसापासून सासूबाईंनी खुरप्याचं नाव काढलं नाही. उलट मी ड्यूटीवरून आले की विचारायच्या, आज वीस वेळा केलंस का. आणि घाबरलेल्या दिसायच्या. मी पेशंटच्या नातेवाइकांचे असे चेहरे रोज बघते, पण घरात बघायची सवय नव्हती.

बेडी त्याआधीच, सातव्या-आठव्या दिवशी काढली होती. पाय अंगाखाली आले होते. पण चालेल तर शपथ. ते नुसतं बसून राहायचं. दाणे समोर, पाणी समोर, कशाला उठेल? मग मी दाणे उचलले. सकाळी निघताना पाणी तेवढं ठेवायचं आणि खायला काही नाही. दुपारी आले की फरशीवर एक तांदळाची कणी ठेवायची, त्याच्या चोचीपासून दोन बोटांवर, आणि शेजारी नखाने वाजवायचं. टक टक. ते मान लांब करायचं, पोहोचायचं नाही, ओरडायचं. मी कणी पुढे सरकवत नसे. ज्या दिवशी ते एक पाऊल टाकून कणीपर्यंत आलं त्या दिवशी त्याला तीन कण्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी कणी चार बोटांवर. मग वीतभर. मग ओट्यापासून फ्रीजपर्यंत. महिन्याभरात अशी सवय लागली की मी कुठेही बसून नखाने दोनदा वाजवलं की ते असेल तिथून सरळ येऊन त्या जागी चोच मारायचं, कणी असो नसो.

मुलगी पुण्यात शिकते. तिला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दिसायचं. तिला पिल्लू फार आवडलं होतं, रोज फोन करून आधी तेच दाखवायला सांगायची. नवसाचं तिला माहीत होतं, पण आजीच्या जुन्या गोष्टींपैकी एक, असंच तिने धरलं होतं. एकदा मी टक टक करत होते आणि ती बघत होती. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"मम्मी, तू त्याला मारायला बरं करतेयस?"

"हो," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. चार दिवस केला नाही. नंतर केला, पण पिल्लू दाखव म्हणाली नाही.

दीड महिन्यात तुरा लाल झाला आणि कोंबडा आहे हे नक्की झालं. सासूबाईंनी देवासमोर साखर ठेवली. मांजराने नेलेलं काय निघालं असतं कोण जाणे. पावसाळा संपेपर्यंत हा चांगला तांबडा, मानेला सोनेरी झाक असलेला, वजनदार कोंबडा झाला. माझे यजमान आश्रमशाळेत शिक्षक आहेत, शनिवारी घरी येतात. दर शनिवारी त्याला उचलून बघायचे आणि म्हणायचे, झाला की. डावं पाऊल मात्र थोडं आत वळलेलंच राहिलं. सावकाश चालला की दिसायचं, भरभर चालला की नाही. सासूबाई रोज उन्हात दाराशी पाट टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, चालव. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून फरशीवर टक टक करायचे. तो यायचा. त्या त्याच्या पायांवरून नजर हलवायच्या नाहीत. शेवटी विचारायच्या, दिसतं का गं. मी म्हणायचे, नाही दिसत. त्यांना दिसायचं, मला माहीत होतं.

भात झोडून झाल्यावर मार्गशीर्षात आम्ही गेलो. जीप केली होती. मुलीला मी बोलावून घेतलं, कारण नवस तिचाच होता आणि डोकं तिलाच टेकायचं होतं. कोंबडा तिच्या पायाशी टोपलीत होता. दोन तास ती खिडकीबाहेर बघत राहिली.

टेकडी चढायला सासूबाईंना दीड तास लागला. चाळीस पावलं चालायच्या आणि बसायच्या. यजमानांनी पाठीवर घेतो म्हटलं तर त्यांनी हात झटकला. मी नाडी बघितली, ती काही चांगली नव्हती. मी खाली चला म्हटलं नाही. म्हणून काही उपयोग नव्हता.

वर झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्यासमोर सपाट खडक. भगत म्हातारा, सासूबाईंच्या ओळखीचा. आमच्या आधी एक कुटुंब होतं. रीत अशी की कोंबडा खडकावर मोकळा सोडायचा आणि देवासमोर तांदूळ ठेवायचे. कोंबड्याने तांदूळ टिपले की देवाने मानलं. नाही टिपले तर काहीतरी चुकलंय. त्या लोकांचा कोंबडा कितीतरी वेळ नुसता उभा. भगत त्यांना विचारत होता, काय राहिलं, कुणाचं मन दुखावलं. घरातला मोठा भाऊ हात जोडून काय काय कबूल करत होता. बायका खाली बघत होत्या. शेवटी कोंबड्याने एकदा चोच मारली आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

मग आमचा. यजमानांनी त्याला खडकावर ठेवलं आणि मागे सरले. चार पावलांवर पानावर तांदूळ. एवढी माणसं त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने मान वर करून एकेकाकडे पाहिलं, दोन पावलं टाकली आणि थांबला. सावकाश चालला होता, म्हणून पाऊल दिसलं.

भगत पुढे वाकला. "पायात खोड हाय काय याच्या?"

सासूबाईंचा हात माझ्या दंडावर होता, तो थंड झाला. ओठ निळसर दिसत होते. चढण्यामुळेही असतील. खोड ठरली तर कोंबडा परत न्यायचा, पुन्हा अंडी, पुन्हा वर्ष, आणि त्यांना पुन्हा टेकडी नव्हती. हे तिथे आम्हा चौघांनाही कळत होतं. तांदूळ तिकडे, कोंबडा इकडे, आणि तो आता बरोबर माझ्याकडे बघत होता.

मी पानाच्या बाजूला उकिडवी बसले. पदर सारखा केल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हाताने खडकावर नखाने वाजवलं. टक टक.

तो आला. सरळ, भरभर, एकही पाऊल वाकडं न पडता, जसा ओट्यापासून फ्रीजपर्यंत यायचा तसा. आला आणि तांदूळ टिपायला लागला. एकदा नाही, सारखा टिपत राहिला. पान रिकामं करेल असं वाटलं. मागे कुणीतरी हसलं. भगत म्हणाला, असा मानलेला कोंबडा बऱ्याच सालांत बघितला नाही, आणि पायाचं तो विसरला.

मुलगी माझ्या हाताकडे बघत होती. मी तिला म्हटलं, डोकं टेक. तिने टेकलं.

कापताना मी तिथेच होते. भगताचा हात चांगला होता, एका घावात झालं. पाय थोडा वेळ हलत राहिले, दोन्ही सारखे.

खाली उतरताना सासूबाई चारदाच बसल्या. एका दगडावर टेकलेल्या असताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू वाजवलंस."

"हो."

बराच वेळ त्या दम घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवाला आयकू गेलं आसंल."

"गेलं असेल, आई."

"जाऊ दे. पोरीसाठीच व्हतं."

रस्सा भाच्याच्या घरी केला. घरी वाढवलेला कोंबडा, शिजायला वेळ घेतो. मुलीने भात आणि मीठ घेतलं आणि बाहेर जाऊन बसली. तिला कुणी बोलावलं नाही. सासूबाईंनी स्वतः पातेल्यात डाव घातला, शोधून एक तंगडी काढली आणि माझ्या ताटात वाढली. ती यजमानांना जाते, नेहमी. या वेळी त्यांनी विचारलंही नाही. म्हणाल्या, "पाय तुझा, बाय."

मी खाल्ली. मीठ थोडं कमी होतं. खाऊन झाल्यावर हाड उजेडात धरून बघितलं. डावीच होती, सांध्यावरून कळत होतं. सांधा किंचित जाड होता, आतल्या बाजूला. हाड सरळ होतं.